सड्यावर विमान उतरेल का?

(ड्रोन: सकाळचा सडा, पिवळं गवत, मधेच काळा कातळ)

सडा म्हणजे कोकण-गोव्यातलं जांभ्याचं पठार. वरून पाहिलं की आयती धावपट्टी. उंच, सपाट, झाड नाही. गोव्यातला दाबोळीचा विमानतळ पोर्तुगिजांनी 1955 साली सुरू केला तो सड्यावर, मोपाचाही सड्यावरच.

कच्च्या पट्टीवर उतरणारं सी-130 हर्क्युलस हे लष्करी मालवाहू विमान घ्या. साधारण 900 मीटर लांब, 18 मीटर रुंद जागा हवी, तीही वाऱ्याच्या रोखाने. नकाशावर ती लगेच सापडते. पुढचं काम पायी.

(जवळून: कातळावर पहार)

खण्ण. खण्ण. आणि इथे... डब्ब. वर टणक जांभा, खाली पोकळी. वरचा थर उन्हावाऱ्याने कडक होतो, खालची मऊ माती पाणी धुऊन नेतं. गुरं चालतात, जीपही जाते. पन्नास-साठ टनांच्या विमानाचं चाक मात्र आत जाईल.

(जवळून: शंकूची सळई, मोजपट्टी)

माती असेल तिथे ही सळई. टोकाला 20 मिलिमीटरचा शंकू. 8 किलोचा हातोडा 575 मिलिमीटरवरून नुसता सोडायचा, जोर लावायचा नाही. एक जण सोडतो, दुसरा वाचतो. घावाला 20 मिलिमीटर उतरला तर सीबीआर, म्हणजे जमिनीची भारक्षमता, साधारण 10. 50 उतरला तर चाराच्याही खाली. तिथे दोन-चार उतरण्यांतच चाकोऱ्या पडतात. सळई तिरकी गेली की बाजूची माती तिला धरते आणि जमीन आहे त्याहून घट्ट भासते. शंकू दगडावर अडला, तर आकडा लिहायचा नाही. हातभर सरकून पुन्हा.

(झाडू, जांभ्याचे खडे)

शेवटी खडे वेचायचे. कंटाळवाणं काम, पण सुटा खडा उडाला की पंख्याचं पातं गेलं.

सडा सपाट करून दाबला की पाणी जिरत नाही, पायथ्याची झर आटते, कुळागर, म्हणजे तिथली सुपारी-नारळाची बाग, सुकतं.

(जुलै: तीच जागा, त्याच कोनातून)

मार्चचे आकडे आता रद्द. पहारीने डब्ब वाजलं होतं तिथे घोटाभर पाणी आहे. भोवतीच्या ओल्या मातीत सळई पुन्हा उभी केली आहे. पहिला घाव.

(हातोड्याचा आवाज. बेडूक.)