धानाच्या गावात सुशीची पंगत

[दृश्य : संध्याकाळ. सांदवाडीत, म्हणजे घराच्या परसात, चटया अंथरलेल्या. फाटकाशी आवाज.]

"इराश्शाइमासे!"

फाटक उघडून आत येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत या आरोळीनं होतंय. जपानी सुशीच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की सगळे आचारी हातातलं काम न सोडता असेच ओरडतात. पुण्यातल्या एका जपानी हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणारी गावची मुलगी सुट्टीवर आली आहे. मित्रमैत्रिणींना तिनं आधी ही आरोळी शिकवली, जेवण त्यानंतर.

साकोली तालुका, जिल्हा भंडारा. धान कापून झालाय, बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, कापलेल्या धानाचे ढीग, पुंजणे, उभे आहेत. चटईवर मधोमध भाताची परात. बाजूला नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचे काळपट हिरवे, कुरकुरीत चौकोन. काकडीच्या लांब फोडी, अंड्याची पोळी, तळलेले झिंगे, तळलेली मरळ.

"कच्ची मच्छी खा लागते का वं?"

"नाई गा! तळ्याची मच्छी कच्ची खाचीच नाई."

मुलीचं म्हणणं अगदी खरं आहे. गोड्या पाण्यातल्या माशांत माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात. सुशीसाठीचे समुद्री मासेसुद्धा पुष्कळदा आधी कडक गोठवून घेतात, ते याचसाठी.

[दृश्य : मामा तलाव, म्हणजे जुना माजी मालगुजारी तलाव, जाळं ओढणारे ढिवर बांधव.]

आणि तरीही सुशीचं मूळ समुद्रात नाही. ते धानाच्या बांधीत आणि गोड्या पाण्यात आहे. आग्नेय आशियातल्या धानपट्ट्यात लोक मासे मिठात घालून शिजवलेल्या भातात दाबून ठेवत. भात आंबायचा, त्या आंबटपणानं मासा महिनोन्‌महिने टिके. खाताना मासा घ्यायचा, भात टाकून द्यायचा. जपानमध्ये बिवा सरोवराच्या काठी फुनाझुशी आजही अशीच मुरवतात. तलाव, धान आणि मासे यांच्यावर जगणाऱ्या भंडाऱ्याला ही गोष्ट परकी का वाटावी?

पुढे एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, एकोणिसाव्या शतकात घाई आली. आंबवण्याऐवजी भातात व्हिनेगर, वर माशाचा तुकडा, आणि गाड्यावर उभ्याउभ्या खाणं. 1958 साली ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी फिरत्या पट्ट्यावर सुशीच्या बश्या सोडल्या. बिअरच्या कारखान्यातला पट्टा पाहून त्यांना ते सुचलं होतं. महागडी सुशी त्यामुळे साध्या माणसाच्या आवाक्यात आली.

आज इथं आहे तेमाकी. जपानी घरांत पाहुणे जमले की हाच बेत असतो. सगळं मधोमध मांडायचं, ज्यानं त्यानं आपल्या हातानं गुंडाळायचं.

[दृश्य : परातीतला भात, सुपानं वारा घालणारे हात.]

खरी परीक्षा भाताची. धानाच्या या मुलखात भात मोकळा झाला तरच हात सुगरणीचा. याच झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी हा धानाचा वाण निवडून काढला. बारीक, सुटा दाणा. सुशीला मात्र दाण्याला दाणा धरणारा भात लागतो. मुलीच्या आईनं मार्ग काढला: यंदाचा नवा, जाड दाण्याचा तांदूळ. नव्या तांदळाचा भात गिचका होतो, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक. एरवी ज्याला नावं ठेवतात, तोच आज कामाला आला. गरम भातावर व्हिनेगर, साखर आणि मिठाचं पाणी शिंपडून सुपानं वारा घातला, तशी दाण्यांवर चकाकी चढली. माझ्या मते आजच्या जेवणातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच.

नोरी तळहातावर तिरपी, थोडा भात, वर झिंगे, आणि कोन वळायचा. लगेच खायचा, नाहीतर नोरी सादळते. म्हणूनच इथं ताट वाढून कुणाची वाट पाहता येत नाही. गलका वाढतो, हात एकमेकांत अडकतात. कुणीतरी जवसाची चटणी आत भरतो आणि तोच कोन सगळ्यांना हवा असतो.

"माह्यासाठी एक बनव ना बे!"

"सोताच वळ, सोताच खाय!"

परात रिकामी झाली. आईनं चुलीवर दुसरं आधण ठेवलंय, आणि या खेपेला साखर थोडी कमी घालायचं ठरलंय.