ड्रिल ट्रॉलीपासून सुरू करा

नमस्कार मंडळी. पुढच्या रांगेत सगळे डॉक्टर आणि मामा-मावशी, म्हणजे आपले वॉर्डबॉय आणि आया, मागे दाराशी उभे, हे आपलं नेहमीचंच. आज जरा उलटं करूया. मामा, या पुढे, लाजू नका, कारण आज जे बोलणार आहे ते निम्म्याहून जास्त तुमच्याबद्दलच आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. एकदम पन्नास-साठ जखमी आले तर आपल्याला उपचार येत नाहीत म्हणून आपण अडकत नाही, मुंबईतल्या म्युनिसिपालटीच्या सर्जनचा हात कसा चालतो ते मी वेगळं सांगायला नको. आपण अडकतो गेटवर, लिफ्टपाशी, केस पेपरच्या खिडकीवर, आणि ट्रेनिंग मात्र सगळं डॉक्टरांना.

एका हॉस्पिटलात, नाव नाही सांगत, मला अशा प्रसंगाची ड्रिल, म्हणजे रंगीत तालीम, बघायला बोलावलं होतं. तारीख सगळ्यांना आधीपासून माहीत, वेळ सकाळची, कडक इस्त्रीचे एप्रन, ट्रॉल्या एका ओळीत, पेशंट म्हणून नर्सिंगच्या मुली झोपलेल्या आणि बिचाऱ्या हसू दाबतायत. अर्ध्या तासात सगळं आटोपलं, मग फोटो, मग समोसे. रात्री ड्युटी बदलायच्या वेळी मी तिथेच होते, म्हटलं कॅज्युअल्टीत आत्ता ट्रॉल्या किती ते दाखवा. दोन निघाल्या, त्यातल्या एकीचं पुढचं चाक जाम, बाकीच्या सगळ्या वर वॉर्डात अडकलेल्या, कारण पेशंट वर सोडल्यावर रिकामी ट्रॉली खाली कुणी आणायची हे कधी ठरलेलंच नव्हतं. सकाळच्या ड्रिलच्या रिपोर्टमध्ये यातलं काही नव्हतं हो, सगळं ‘समाधानकारक’!

11 जुलै 2006 आठवा. संध्याकाळच्या गर्दीत साधारण 11 मिनिटांत लोकलमध्ये सात स्फोट, माटुंगा रोडपासून पार मीरा रोडपर्यंत. कितीतरी जखमी रुळाशेजारच्या वस्तीतल्या लोकांनी चादरीत उचलून आणले, टॅक्सी, टेम्पो, रिक्षा, जे मिळेल त्यात. मोबाईल जाम झालेले. 108 ची ॲम्ब्युलन्स तेव्हा नव्हतीच, ती 2014 ला आली, पण उद्या असं काही झालं तरी लोक 108 ची वाट बघत बसणार नाहीत, मुंबईकर उचलून पळणारच. म्हणजे तुम्हाला आधी कुणी फोन करून सांगेल ही आशा सोडा, पहिली टॅक्सी गेटवर येईल तीच तुमची खबर, आणि ती खबर सगळ्यात आधी कळणार सिक्युरिटीवाल्याला. त्याला कुठला नंबर फिरवायचा ते माहितीय का, आणि असा निरोप आला तर आणीबाणीचा कोड जाहीर करायचा अधिकार रात्रीच्या सीएमओला, म्हणजे कॅज्युअल्टीच्या ड्युटी डॉक्टरला, आहे की डीनना झोपेतून उठवायचं?

शिवाय आधी येतात ते चालू शकणारे. हात मोडलेला, डोकं फुटलेलं, घाबरलेला, असे पंधरा मिनिटांत कॅज्युअल्टीचे सगळे बेड भरून टाकतात आणि खरा सिरियस माणूस ढिगाऱ्यातून काढेपर्यंत मागे राहतो. म्हणून चालणाऱ्यांना गेटवरूनच ओपीडीच्या हॉलकडे वळवायचं, हिरवी पट्टी. उरलेल्यांची वर्गवारी स्टार्ट पद्धतीने, लाल म्हणजे सगळ्यात आधी, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकतो, काळा म्हणजे वाचण्याची आशा नाही. कॅलिफोर्नियात 1983 मध्ये तयार झालेली, सोपी आहे. श्वास नाही तर श्वासमार्ग मोकळा करा, तरी नाही तर काळी पट्टी, सुरू झाला तर लाल. श्वास मिनिटाला 30 च्या वर, लाल. नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला 2 सेकंदांपेक्षा जास्त, लाल. ‘माझा हात दाबा’ म्हटलं आणि समजत नाही, लाल. यातलं काहीच नाही पण चालता येत नाही, तो पिवळा. माणशी मिनिटभराच्या आत उरकायचं आणि आत गेल्यावर पुन्हा बघायचं, कारण पिवळ्याचा लाल व्हायला वेळ लागत नाही.

हे करायला इंटर्नला उभं करू नका प्लीज. अनुभवी माणूस लागतो, आणि त्याने तिथे उपचार करायचे नाहीत. हे भयंकर जड जातं. समोर माणूस तडफडतोय आणि तुम्ही पट्टी बांधून पुढच्याकडे वळताय, पण तुम्ही त्याची सलाइन लावत बसलात तर मागे गेटवर रांग तुंबते. आणि रक्त बघून रंग ठरवू नका. 2017 ला एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. चेंगरलेल्या माणसाची छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो, वरून जखमच दिसत नाही कित्येकदा.

मग नावं. बेशुद्ध माणूस आला की आपण लिहितो अननोन मेल 1, अननोन मेल 2, आणि असे दहा झाले की कुणाचं रक्त कुणाला चढेल सांगता येत नाही. बॉस्टनला 2013 च्या मॅरेथॉन स्फोटांनंतर एका हॉस्पिटलला हाच त्रास झाला, त्यांनी नंतर नुसते आकडे बंद करून रंगांची, राज्यांची नावं द्यायला घेतली. आपण मनगटावर ‘रत्नागिरी पुरुष’, ‘नाशिक स्त्री’ लिहू शकतो की, खर्च शून्य. ब्लड बँकेवर रक्त द्यायला झुंबड उडते त्याचंही आधी ठरवा, पहिल्या तासांत चढतं ते फ्रीजमधलं तपासलेलं रक्त, म्हणून आलेल्यांची नावं-नंबर घ्या, नंतर बोलवा. आणि पुढारी येणारच, कॅमेरे घेऊन येणारच, त्यांची वाट लाल झोनमधून जाणार नाही एवढं आधीच कागदावर ठरवून ठेवा.

आता मुंबईचा खास घोळ. आपला निम्मा स्टाफ राहतो विरार, कल्याण, बदलापूरला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, लोकल बंद, रस्ते बंद, कुणाला बोलावणार होता? म्हणून फोनची यादी दोन भागांत करा, क्वार्टर्समध्ये किंवा चालत येण्याच्या अंतरावर राहणारे एकीकडे, बाकीचे दुसरीकडे, आणि छापून ऑपरेटरच्या टेबलावर ठेवा. घटना ड्युटी बदलायच्या वेळी झाली तर जाणाऱ्यांना थांबवा. थांबवायचं म्हणजे त्यांच्या जेवणाची सोय, घरी निरोप आणि कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, नुसतं ‘थांबा’ म्हणून चालत नाही.

26/11 ला कामा हॉस्पिटलमध्ये अतिरेकी शिरले तेव्हा सिस्टरांनी वॉर्डचे दिवे घालवले, दारं लावून घेतली, वीसेक गरोदर बायकांना पॅन्ट्रीत हलवलं. दोन वॉचमन मारले गेले. तिथे समोर पहिले कोण होते बघा. आपल्या ट्रेनिंगच्या यादीत वॉचमन कितव्या पानावर आहे? बहुतेक वेळा यादीतच नसतो, का तर तो कॉन्ट्रॅक्टचा, एजन्सीचा. मग निदान दर महिन्याला नवीन आलेल्यांना अर्धा तास द्या, गेटवरच उभं राहून, हॉलमध्ये बसवून नको.

बरं, बाहेर चहा आलाय. त्यानंतर इथलाच जिना आणि लिफ्ट वापरून ड्रिल करूया, तारीख-बिरीख आधी सांगितलेली नाही त्यामुळे डॉक्टर मंडळींनी पळू नये. आज तुम्ही पेशंट, आणि गेटवर पट्ट्या घेऊन इन्चार्ज सिस्टर. मामा, लिफ्ट कुणासाठी थांबवायची ते तुम्ही ठरवायचं, कुणी साहेब ओरडले तरी.