एसटी येऊ दे, मग लाव

(पडदा काळा. नुसता प्रोजेक्टरचा खडखडाट.)

हा आवाज आमच्या टॉकीजचा नाहीये हां, आधीच सांगून टाकतो. आमचं मशीन भंगारात गेलं तेव्हा त्याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवावा असं कुणालाच सुचलं नाही, मला पण नाही, मी तेव्हा पुण्यात नोकरीला. हा दुसरीकडचा आवाज आहे आणि जरा जास्तच गुळगुळीत आहे, आमचं मशीन मध्ये मध्ये खोकायचं.

(दृश्य: बंद शटर, बाजूला मोबाईलचं दुकान, वर जाणारा जिना.)

सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. एसटी स्टँडवरून चालत पाच मिनिटांवर ही टॉकीज. म्हणजे होती. आता खाली मोबाईलचं दुकान आणि मागे सिमेंटचं गोडाऊन, पण बाल्कनीचा जिना तसाच आहे, त्याच्या चौथ्या पायरीचा कोपरा तुटलाय तो पण तसाच. माझ्या वडलांची इथे कँटीन होती, वडा, चहा, गोटी सोडा आणि कागदाच्या पुडीत शेंगदाणे, त्यामुळे माझं लहानपण गेलं ते इथेच, इंटरव्हलला ग्लास विसळत.

आणि इथे मॅनेजर होते अण्णा. नाव सांगत नाही. त्यांच्या मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली व्हिडिओ खुशाल करा पण नाव नको, अण्णांना चाललं नसतं. आणि तसं गावात नावाने त्यांना ओळखत तरी कोण होतं, पोस्टमन सोडला तर. ते १९७२ साली बुकिंग क्लार्क म्हणून लागले, चार वर्षांत मॅनेजर झाले, आणि मग जे चिकटले ते शेवटपर्यंत.

(दृश्य: भिंतीवर पुसट झालेले आकडे, १२, ३, ६, ९.)

हे शोचे टाइम. नीट बघितलं तर अजून दिसतात. बारा, तीन, सहा, नऊ. आता खरं सांगायचं तर हे नुसतं भिंतीवर होतं, कारण सहाचा शो सहाला लागलेला मी फार कमी वेळा बघितलाय. वरच्या वाड्यांची माणसं ज्या एसटीने यायची ती पावणेसहाला स्टँडवर यायची, म्हणजे यायला पाहिजे होती. अण्णा पायरीवर उभे राहून स्टँडच्या दिशेने बघत असायचे, मागे हात बांधून. वरच्या खिडकीतून ऑपरेटर ओरडायचा, "लावू का अण्णा?" आणि अण्णा मान पण न वळवता, "थांब. एसटी येऊ दे, मग लाव."

आत शिट्ट्या सुरू. मग अण्णा आत जायचे, बॅटरी पेटवायची आणि म्हणायचे, "आरं दम काढा की जरा, पावनं यायल्यात." आणि ती पब्लिक गप्प बसायची! कारण आज आत बसलेला उद्या त्याच एसटीत असणार होता.

आता यात नुसता चांगुलपणा होता असं मी म्हणणार नाही. एसटीत चाळीस माणसं म्हणजे चाळीस तिकिटं, आणि अण्णा हिशेबाला एकदम पक्के. रोज रात्री डीसीआर भरायचा, म्हणजे दिवसभराच्या कलेक्शनचा कागद, कुठल्या क्लासची किती तिकिटं गेली, कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत, करमणूक कर किती, खाली कार्बन ठेवून तीन कॉप्या. मोठा पिक्चर पर्सेंटेजवर, म्हणजे कलेक्शनमध्ये डिस्ट्रिब्युटरचा वाटा असला की मुंबईच्या डिस्ट्रिब्युटरचा माणूस येऊन बसायचा, रिप्रेझेंटेटिव्ह म्हणायचे त्याला, तो खिडकीत मुंडकं घालून तिकिटं मोजायचा. तो पण म्हणायचा, तुमचा कागद बघायची गरज नाही. तरी बघायचा. आणि अण्णा तापट पण होते, फुकट घुसणाऱ्या पोरांना कानाला धरून बाहेर काढायचे, मला एकदा शर्टच्या कॉलरला धरून काढलं, कॉलर हातात आली. दुसऱ्या दिवशी आईने जाऊन भांडण केलं तर म्हणाले, "वयनी, शर्ट देतो शिवून, पण पोरगं दारातनंच येऊ दे."

(दृश्य: ३५ एमएमची फिल्म, बोटांत धरलेली, उजेडासमोर.)

आता हे बघा. ही ३५ एमएम. सेकंदाला २४ फ्रेम, एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट जाते ही. हजार फुटाचं एक रीळ म्हणजे अकरा मिनिटं. तीन तासाचा पिक्चर सोळा-सतरा रिळांचा. सेन्सॉरचं सर्टिफिकेट पडद्यावर यायचं ना, त्यावर लिहिलेलं असायचं किती रिळं ते, आणि अख्खं थिएटर एका सुरात तो आकडा ओरडायचं. सतरा म्हटलं की टाळ्या, तेरा म्हटलं की "आयला, फसिवलं".

रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती एक ठिपका चमकून जायचा. तो पब्लिकसाठी नसतो, ऑपरेटरसाठी असतो. पहिला ठिपका आला की दुसरं मशीन चालू करायचं, सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की झटक्यात ह्या मशीनवरून त्या मशीनवर. हे मला अण्णांनी दाखवलं. त्या दिवसापासून माझं पिक्चरमध्ये लक्ष लागेना, मी आपला कोपऱ्याकडे बघत बसलेला.

प्रिंट महाग, आणि मुंबईला लॅमिंग्टन रोडवर नाझ बिल्डिंगमध्ये जे डिस्ट्रिब्युटर बसायचे त्यांच्याकडून छोट्या गावाला प्रिंट मिळायची ती सगळीकडे फिरून ओरखडे पडलेली. कधी कधी तर एक प्रिंट दोन गावांत मिळून. म्हणजे आमच्याकडे सहाला शो आणि सतरा किलोमीटरवरच्या गावात सातला. आमची पहिली रिळं झाली की गुंडाळून, पोत्यात घालून, एक पोरगा राजदूत मोटरसायकलवरून तिकडे पळायचा, परत यायचा, पुढची न्यायचा. कधी उलटं, पहिला शो त्यांचा आणि आम्ही वाट बघत बसलेलो. एका पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं आणि पोरगा पलीकडे अडकला. इंटरव्हल झाली, वडे संपले, दुसरा घाणा काढला, तो पण संपला. वडील एवढे खूश मी कधी बघितले नव्हते. सव्वा तासाची इंटरव्हल! अण्णा पडद्यासमोर जाऊन म्हणाले, "ज्याला जायचंय त्याला पैसे परत, ज्याला थांबायचंय त्याला चहा." चहाचे पैसे नंतर वडलांना स्वतःच्या खिशातून दिले, वडील नको नको म्हणत होते पण घेतले. दहा वाजून गेल्यावर राजदूतचा आवाज आला तेव्हा जी शिट्टी पडली ती हिरोच्या एंट्रीला पण पडत नाही.

(दृश्य: उसाचा फड, पहाटेचं धुकं, बैलगाड्या.)

दिवाळी झाली की कारखाना सुरू. बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, गावाबाहेर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या पडायच्या. पहाटे फडात उतरलेली ती माणसं, दिवसभर तोडणी, मग गाडी भरून कारखान्यावर नंबरला लावायची आणि वजनाला चार-पाच तास लागणार असले तर बैल सोडून टॉकीजला. नऊचा शो अण्णा सीझनभर साडेनऊला लावायचे. बोर्डावर नऊच. मागच्या आवारात ते बैल बांधू द्यायचे काही जणांना, समोर वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा टाकलेला, आणि त्या घुंगरांचा आवाज शांत सीनला आत ऐकू यायचा.

कोयते मात्र आत न्यायचे नाहीत. ते ठेवायचे आमच्या कँटीनच्या टेबलाखाली. पंचवीस-तीस कोयते एका ओळीत, सगळे सारखेच दिसणारे, आणि शो सुटल्यावर प्रत्येकजण अंधारात वाकून आपला बरोबर उचलायचा. मूठ हातात घेतली की कळतं म्हणायचे. बायका लहान पोरं घेऊन यायच्या, पोरं झोपली की पुढच्या रिकाम्या जागेत पोती अंथरून झोपवायची, ती पोती अण्णांनी कारखान्यातून मागून आणलेली. गावातल्या काही लोकांना हे आवडायचं नाही, वास येतो वगैरे बोलायचे. अण्णांनी एकाला तोंडावर सांगितलं, "तुमी बाल्कनीचं काढा." बाल्कनी दोन रुपये जास्त होती.

(दृश्य: काचेचा छोटा तुकडा, मेणबत्तीवर धरलेला.)

ही काचेची स्लाइड. मेणबत्तीच्या काजळीवर धरून काळी करायची आणि सुईने अक्षरं कोरायची, पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं येतात. जाहिराती तर असायच्याच, पण अण्णा यावर निरोप लिहायचे. अमक्या वाडीच्या तमक्यांनी बाहेर यावे, पाहुणे आलेत. म्हैस सुटली आहे. मुलगी झाली, अभिनंदन. ह्याला तर अख्खं थिएटर टाळ्या वाजवायचं, आणि तो बाप्या लाजत लाजत लोकांच्या पायांवरून बाहेर पडायचा.

वाईट निरोप मात्र स्लाइडवर कधी आला नाही. तेव्हा अण्णा स्वतः आत यायचे. तीन सेलची बॅटरी, उजेड नेहमी खाली, पायापाशी, माणसाच्या तोंडावर कधी मारायचे नाहीत. रांगेजवळ आले की बॅटरी बंद करायची, उकिडवं बसायचं, त्या माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणायचे, "चला, घरनं बोलावणं आलंय." एवढंच. मी हे दोनदा बघितलंय. दुसऱ्यांदा ते आमच्याकडेच आले होते, आजी गेली तेव्हा, मी वडलांच्या शेजारी ग्लास विसळत होतो आणि बाहेर लख्ख उजेड होता, तरी अण्णा उकिडवं बसले आणि वडलांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

(थोडा वेळ काहीच बोलू नये. जिन्याचा शॉट.)

गर्दीच्या गोष्टी कितीतरी आहेत. १९७५ ला जय संतोषी माँ आला तेव्हा मी जन्मलो पण नव्हतो, पण वडील सांगायचे की बायका चपला बाहेर काढून आत जायच्या आणि आरती लागली की पडद्यावर नाणी फेकायच्या. शो सुटला की झाडूने नाणी गोळा करायची. मालक म्हणाले कलेक्शनमध्ये धरा. अण्णा म्हणाले, हे कलेक्शन न्हाई, याचं तिकीट फाटलेलं न्हाई. वेगळ्या वहीत लिहून ठेवलं आणि त्या पैशांचे बायकांच्या बाजूला दोन पंखे बसवले. त्यातला एक फिरताना कुरकुरायचा, त्याला सगळे देवीचा पंखा म्हणायचे.

माहेरची साडी मात्र मी डोळ्यांनी बघितला, १९९१ ला आला आणि आमच्याकडे जरा उशिराने. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका यायच्या. लेडीजची वेगळी खिडकी होती, हात जेमतेम जाईल एवढं भोक, बांगड्या अडकायच्या, आणि भोकाखाली रोज फुटलेल्या काचा. अण्णांनी सुताराला बोलावून ते भोक मोठं करून घेतलं, कडेला रबर लावलं. मला वाटतं आमच्या टॉकीजमध्ये झालेली सगळ्यात भारी सुधारणा हीच, डॉल्बी-बिल्बी नंतर.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. व्हिडिओ, केबल, सीडी. २००५ नंतर सॅटेलाइटवरून पिक्चर यायला लागले, हळूहळू रिळांची पेटी बंद झाली, राजदूतवाला पोरगा वडापची जीप चालवायला लागला. कंप्युटरवर शोची नोंद आपोआप व्हायची, किती वाजता सुरू झाला ते, आणि मग वरून फोन यायचा, सहाचा शो सहा एकोणीसला का? अण्णा फोनवर म्हणायचे, लाइट गेली होती साहेब. रोजच लाइट जायची.

२०१६ ला सैराट आला तेव्हा काही गावांत रात्री बाराचे, पहाटे तीनचे शो लागले. आमच्याकडे पण लावला बाराचा. अण्णा तेव्हा सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, पायरीवर खुर्ची टाकून बसले. रात्री बाराला कुठली आली एसटी, तरी स्टँडकडेच बघत.

मार्च २०२० ला टॉकीज बंद झाली कोरोनात. परत उघडली नाही.

(दृश्य: एसटी स्टँड, संध्याकाळ.)

अण्णा गेले २०२३ च्या जानेवारीत, सकाळी. संध्याकाळी पाचला न्यायचं ठरलं. मी पुण्यावरून पोचलो तेव्हा दारात ही गर्दी. भटजी घाई करत होते, थंडीचे दिवस, अंधार लवकर पडतो. ताटी उचलायला चौघं वाकले पण होते, आणि मागून कुणीतरी, म्हातारा आवाज होता, कोण ते मला दिसलं नाही, म्हणालं, "थांबा की जरा. वाडीची एसटी येऊ दे."

कुणी हसलं नाही. चौघं सरळ उभे राहिले. भटजी पण गप्प झाले. सगळे स्टँडच्या दिशेने बघत उभे, दीड-दोनशे माणसं, कुणी बोलत नव्हतं.

गाडी वीस मिनिटं लेट होती.