बुंदीच्या झाऱ्यातलं ग्रहण

हे जे स्क्रीनवर दिसतंय ना, टेबलभर बुटांची रिकामी खोकी, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, चिकटपट्टी, टाचण्या आणि कडेला सांडलेला कोणाचातरी ज्यूस, ही लायब्ररी आहे. हो, लायब्ररीच. डॅलसच्या जवळची, एप्रिल 2024 मधला शनिवार. सोमवारी 8 तारखेला खग्रास सूर्यग्रहण होतं आणि आमचं गाव बरोब्बर सावलीच्या पट्ट्यात.

खरं सांगायचं तर आम्ही गेलो होतो फुकटचे चष्मे घ्यायला. अमेरिकेत हे चष्मे वाटायचं काम लायब्रऱ्यासुद्धा करतात, 2017 च्या ग्रहणाला कोलोरॅडोच्या स्पेस सायन्स इन्स्टिट्यूटने 7 हजारांच्या वर लायब्रऱ्यांना 20 लाखांपेक्षा जास्त चष्मे पाठवले होते, यावेळी तर त्याहून कितीतरी जास्त. (काही लायब्रऱ्यांत तर टेलिस्कोपसुद्धा पुस्तकासारखा कार्डावर घरी नेता येतो, 2008 मध्ये न्यू हॅम्पशरच्या हौशी आकाशनिरीक्षकांनी हे सुरू केलं, पण तो वेगळा विषय.)

तर चष्मे घेऊन निघणार तेवढ्यात लेकाला टेबल दिसलं आणि मग काय, दोन तास गेले.

खोक्याच्या एका टोकाला फॉइल लावायची, तिला टाचणीने भोक पाडायचं, समोरच्या टोकाला आतून पांढरा कागद, आणि बघायला बाजूला एक खिडकी. बाहेर पार्किंगमध्ये जाऊन सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं, की सूर्य कागदावर. पण केवढा? 30 सेंटिमीटरच्या खोक्यात जेमतेम 3 मिलिमीटर. साबुदाण्याएवढा! पोरगं नाराज. त्याने पेन्सिल घुसवून भोक मोठं केलं, त्याला वाटलं सूर्यपण मोठा होईल, झाला नुसता फिसकटलेला उजेडाचा डाग. लायब्ररीतल्या बाई हे सगळं बघत होत्या, चुकलं म्हणाल्या नाहीत, नवीन फॉइल दिली आणि आणखी दोन खोकी पुढे सरकवली. एवढंच. पोराने तिन्ही खोकी एकापुढे एक जोडली आणि ओरडलं, "मम्मा, वाढला!" अंतर तिप्पट केलं, सूर्य तिप्पट झाला. शेजारच्या एका मुलीने मुद्दाम तिकोनी भोक पाडलं होतं, तरी सूर्य आला गोलच, यावर तिचे बाबा आणि माझा नवरा इतका वेळ वाद घालत होते की शेवटी दोघांनीही स्वतःची खोकी बनवायला घेतली. मुलांना सोडायला आलेली माणसं ही!

आता माझी आई. ती साताऱ्याहून आली होती. तिच्या लहानपणी ग्रहण म्हणजे दारं-खिडक्या बंद, दुधा-पाण्यात तुळशीपत्र आणि बाहेर "दे दान सुटे गिराण" अशी आरोळी. तिने शांतपणे सांगितलं, मी काही बाहेर येणार नाही. आम्ही आग्रह केला नाही.

सोमवारी सकाळी आभाळ भरलेलं. लायब्ररीच्या हिरवळीवर चटया, लहान पोरं, शेजारची आजी-आजोबा मंडळी. बारा वाजून तेवीस मिनिटांच्या सुमारास स्पर्श झाला, म्हणजे ग्रहण लागलं, बऱ्याच वेळाने ढग जरा फाटले आणि बघतो तर आई येतेय, हातात बुंदीचा झारा. म्हणाली, "त्या पोराचं खोकं एका भोकाचं, याला बघ किती आहेत." तिने झारा उंच धरला आणि खाली कागदावर चंद्रकोरीच चंद्रकोरी, अक्षरशः पन्नास-साठ. आजूबाजूची सगळी पोरं धावत आली, लायब्ररीतल्या बाईंनी तर विचारलं हे काय उपकरण आहे, आता त्यांना बुंदी कशी समजवायची.

1 वाजून 40 मिनिटांनी अंधार पडला. चष्मे काढले. पावणेचार मिनिटांच्या वर काळा गोल आणि भोवती पांढरा किरीट (सूर्याचा करोना), खालच्या कडेला गुलाबी ठिपका, बाजूला शुक्र. रस्त्यावरचे दिवे लागले. या भागाचं शूटिंग आमच्याकडे जवळजवळ नाही, कॅमेरा धरायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही, तेव्हा इथे नुसता आवाज ऐका.

[आवाज: लोकांचा कल्लोळ, मध्येच एक कुत्रं]

घरी गेल्यावर आईने आंघोळ केली, मग जेवली. पोराने विचारलं, आजी, बघितलंस तर मग आंघोळ कशाला? ती म्हणाली, "बघितलं म्हणूनच."

नंतर बऱ्याच लायब्रऱ्यांनी वापरलेले चष्मे परत गोळा केले, दुसऱ्या देशांत पाठवायला. आमचे मात्र आईने बॅगेत घातले, चार चष्मे, ओरखडा पडू नये म्हणून साडीच्या घडीत. 2 ऑगस्ट 2027 ला भारतातून खंडग्रास दिसणार आहे, संध्याकाळच्या सुमाराला. मी फोनवर म्हटलं, आई, ऑगस्टात साताऱ्याला पाऊस असतो गं.

"माहितीये," म्हणाली. "झारा इथे पण आहे."