खांबावरचे सांधे

[दृश्य: तालीम, सकाळ. मुलगी खांबाला हात लावून नमस्कार करते, धावत येते, उडी मारते.]

हातांनी खांब धरला, पाय वर फेकले, डोकं खाली गेलं आणि मांड्यांनी खांब आवळला. मल्लखांबावरची ही साधी उडी. आता तीच संथ गतीत पाहा, आणि नजर तिच्या खांद्यावर ठेवा.

[तीच उडी, संथ गतीत. खांदा जवळून.]

हात समोर होता, वर गेला, बाजूला वळला, अंगामागे आला. शरीरातला दुसरा कुठलाही सांधा इतक्या दिशांना इतका फिरत नाही. हा उखळीचा सांधा. दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या पात्याच्या खळग्यात बसतो, पण हा खळगा अगदी उथळ असतो. कोणत्याही क्षणी माथ्याचा पाव ते एक तृतीयांश भाग तेवढा खळग्याला टेकलेला असतो. बाकीचं काम करतात खळग्याभोवतीची कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक पदार्थाची कड, हाडाला हाडाशी बांधणारे अस्थिबंध आणि मुख्य म्हणजे स्नायू. म्हणून आमचे प्रशिक्षक मुलांना खांबाला हात लावू देण्याआधी दंड आणि सूर्यनमस्कार घालायला लावतात.

[खांबाशेजारी उभा केलेला सांगाडा. कॅमेरा खुब्यावर.]

खुबाही उखळीचाच. इथे मात्र वाटी खोल आहे, मांडीच्या हाडाचा माथा तिच्यात पुरता बसलेला आहे, आणि पुढच्या बाजूने शरीरातला सगळ्यांत बळकट अस्थिबंध त्याला आवळून आहे. खुबा खांद्याइतका फिरत नाही. पण उलटं लटकून सगळं वजन मांड्यांवर पेलायचं, तर हाच सांधा हवा. जात एकच, मांडणी वेगळी, आणि मांडणीप्रमाणे हालचाल वेगळी.

शरीररचनाशास्त्र सांध्याला दोन प्रश्न विचारतं. दोन हाडांच्या मध्ये काय आहे? आणि सांधा किती हलतो? मध्ये नुसते घट्ट तंतू असतील तर तो तंतुमय सांधा. कूर्चा असेल तर कूर्चामय. आणि मध्ये पोकळी, तिच्याभोवती पिशवी, आत वंगणासारखा द्रव असेल तर तो सायनोव्हियल सांधा. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरंही तीन: अचल, अर्धचल, चल. बहुतेक वेळा दोन्ही उत्तरं जुळतात: तंतुमय तो अचल, कूर्चामय तो अर्धचल, सायनोव्हियल तो चल. कमरेच्या मागे, माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी नितंबाच्या हाडाला जिथे मिळतं, तिथे ती जुळत नाहीत. पोकळी आहे, द्रव आहे, आणि सांधा जेमतेम हलतो. धड पेलणाऱ्या जागी तसाच तो हवा.

[सुश्रुतसंहितेच्या छापील प्रतीचं पान. बोट ओळीवरून फिरतं.]

ही मोजदाद आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 210 सांधे सांगितले आहेत. आधी हलणारे आणि स्थिर असे दोन भाग, मग आकारावरून आठ प्रकार. काख, जांघ आणि दात तिथे एकाच प्रकारात येतात, उलूखल म्हणजे उखळ. दात हलत नाही, तरी तो खळग्यात रोवलेला असतो. आकार आणि हालचाल हे दोन वेगळे निकष आहेत, हे त्या काळीही नीट ठाऊक होतं.

[दोरीचा मल्लखांब. मुलगी चढते. हाताच्या पकडीवर जवळून, मग पायावर.]

आता दोरी. हाताच्या अंगठ्याचा बुंधा पाहा. तिथे खोगिरी सांधा आहे, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग खोगिरासारखे आणि एकमेकांवर आडवे बसलेले. त्यामुळे अंगठा पुढे-मागे जातो, बाजूला जातो आणि बाकीच्या बोटांसमोर येतो. पकड होते ती यामुळे. पायाच्या अंगठ्याला ही सोय नाही, तरी शेजारच्या बोटाशी दोर आवळून मुली वर जातात. हे नुसत्या सरावाचं बळ.

मनगट दोन दिशांत वाकतं, पण हाताचा पंजा उलटा-सुलटा होतो तो मनगटात नव्हे. कोपराजवळ खिळीचा सांधा आहे. तिथे कोपराखालच्या दोन हाडांपैकी बाहेरचं हाड स्वतःभोवती फिरतं आणि सोबत पंजा वळतो. असाच दुसरा खिळीचा सांधा मानेच्या पहिल्या दोन मणक्यांत आहे. उलटं लटकलेली ही मुलगी मान वळवून प्रशिक्षकांकडे बघते ना, त्या वळण्यापैकी जवळजवळ निम्मं वळण याच एका जागी होतं.

[दोरीवर पद्मासन. बराच वेळ स्थिर दृश्य. निवेदन नाही.]

पद्मासनात मांडी बाहेरच्या बाजूला फिरते ती खुब्यात. गुडघा मुख्यतः बिजागरीचा सांधा आहे, वाकलेला असताना तो थोडासाच वळतो. खुबा मोकळा नसताना पाय ओढून मांडीवर चढवला, तर पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून इथे पद्मासन आधी जमिनीवर, सावकाश, पुष्कळ दिवस करून घेतात. दोरी त्यानंतर.

[कमान. पाठ जवळून. मणके त्वचेखाली दिसतात.]

पाठीच्या मणक्यांमध्ये कूर्चेच्या 23 चकत्या आहेत. एकेक सांधा थोडासाच हलतो, म्हणून अर्धचल. पण सगळे थोडं थोडं देतात आणि पाठीची ही कमान होते.

[लहान गट. सहा-सात वर्षांची मुलं खांबाभोवती.]

या मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ आणखी एक सांधा असतो, वाढीची पट्टी. तीही कूर्चेची, पण अजिबात न हलणारी. हाड तिथे लांबीत वाढतं, आणि वाढ पुरी झाली की पट्टी हाडात विरून जाते. तोवर तिला मार बसता कामा नये. खाली गादी आणि शेजारी जाणता प्रशिक्षक हवा, तो यासाठी.

[2019, शिवाजी पार्क: पहिल्या जागतिक मल्लखांब अजिंक्यपद स्पर्धेची छायाचित्रं.]

सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. दाब पडतो, सुटतो, तसा संधिद्रव तिच्यात शिरतो आणि तिला पोषण मिळतं, म्हणजे हालचाल हेच तिचं जेवण. झिजलेली कूर्चा पूर्वीसारखी भरून येत नाही, पुढे गुडघेदुखी आणि शस्त्रक्रिया. म्हणून हालचाल हवी, आणि तिच्यासाठी मल्लखांब आहे. त्याला मैदानाचा एक कोपरा, एक सागवानी खांब, थोडं एरंडेल आणि गाद्या पुरतात. 2019 मध्ये मुंबईत परदेशी संघ येऊन हा खेळ खेळून गेले. आपल्या प्रत्येक शाळेत तो शिकवला गेला पाहिजे, आणि आठवड्याच्या वेळापत्रकात त्याला तास मिळाला पाहिजे.