सांधा कोणी बदलायचा?

(दृश्य: ठाणे स्टेशन. ट्रान्स-हार्बरची लोकल सांध्यावरून खडखडत वळते.)

निवेदन:
१८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी इथे, ठाण्याला पोचली. ठाणेकराला सांधा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. म्हणून ही गोष्ट इथूनच सांगतो.

कोळशाच्या खाणीत एक गाडी सुसाट सुटली आहे. आत चार कामगार. अशीच गेली तर भिंतीवर आदळून चौघेही मरणार. बाजूच्या रुळावर वळवली तर ते वाचतील, पण तिथे एकजण काम करतोय, तो जाईल. सांध्यापाशी उभा आहे दुरुस्ती करणारा मेकॅनिक.

किंवा मेकॅनिकच्या जागी रोबो.

अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक बर्ट्राम माले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली हा पेच लोकांपुढे ठेवला. काहींच्या गोष्टीत माणूस होता, काहींच्या गोष्टीत रोबो. बाकी सगळं तेच.

उत्तरं मात्र तीच नव्हती. रोबोने सांधा बदलावा, एकाचा बळी देऊन चौघांना वाचवावं, ही अपेक्षा माणसापेक्षा जास्त. आणि तो नुसता उभा राहिला, तर त्याला दोषही माणसापेक्षा जास्त!

माणसाचा हात थरथरला असेल, हे आपण न सांगता समजून घेतो. यंत्राला ही सूट कोण देणार?

(दृश्य: रबाळे एमआयडीसी. शिफ्ट सुटते. गेटबाहेर चहाची टपरी.)

निवेदन:
पुढच्याच वर्षी त्यांनी रोबोची चित्रंही दाखवली. एक निव्वळ यंत्र, दुसरा माणसासारखा दिसणारा. यंत्राला वेगळा न्याय लागला, पण माणसासारख्या रोबोला लोकांनी जवळजवळ माणसाच्याच मापाने मोजलं. आत काय बसवलंय ते कोणी पाहिलं नव्हतं. फरक फक्त रूपाचा!

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात उद्या रोबो घ्यायचा ठरला, तर कोटेशनमध्ये वेग, वजन, वीज सगळं असेल. त्याला डोळे-नाक असावं की नाही, ही बाब बहुधा शोभेच्या खात्यात जाईल.

अशा प्रयोगांत काही जण मुळात प्रश्नच नाकारतात. यंत्राला कसला दोष द्यायचा, म्हणतात, बनवणाऱ्याला धरा. संशोधक ही उत्तरं हिशेबातून बाजूला काढतात. त्यांच्या कामासाठी ते ठीकच. पण या टपरीवर कॅमेरा लावून बोलायचं झालं, तर आम्ही आधी त्याच मंडळींना गाठू.