कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा

'हे ग्राफिक्स कार्ड माझ्या पीसीत चालेल का?' हा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि गंमत नाही, खरंच सांगतो, विचारणाऱ्याला कार्डाचं नाव, मेमरी, फॅन किती, सगळं तोंडपाठ असतं, पण आपल्या पीसीत पॉवर सप्लाय कुठला आहे विचारलं की गप्प. म्हणून आज कार्डाबद्दल कमी आणि तुमच्या टेबलाखालच्या त्या जुन्या डब्याबद्दल जास्त बोलणार आहे.

लोकांना सगळ्यात जास्त भीती स्लॉटची वाटते. माझा जुना बोर्ड, नवं कार्ड बसेल का? बसेल. पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्ड बसतं त्या खाचेचा आजचा प्रकार, मागे-पुढे दोन्हीकडे जुळतं, म्हणजे ३.० चं कार्ड २.० च्या स्लॉटमध्ये चालतं, फक्त वेग स्लॉटच्या पिढीचा मिळतो. त्याच्याही आधीच्या एजीपी प्रकारच्या स्लॉटचा अगदी जुना बोर्ड असेल तर मात्र विषय संपला, त्यात यातलं काहीच बसणार नाही. आणि बोर्डवर दोन लांब स्लॉट असतील तर कार्ड प्रोसेसरच्या जवळच्या स्लॉटला लावा, कारण खालचा दिसायला तेवढाच लांब असला तरी आतून बऱ्याचदा चारच लेन, म्हणजे डेटा वाहणाऱ्या वाटा, जोडलेल्या असतात.

लेनचा विषय निघालाय तर एक सांगून ठेवतो. काही स्वस्त कार्डं स्वतःच चार लेनची असतात. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी घ्या, २०२२ चं, मेमरी ४ जीबी, लेन चार. ४.० च्या बोर्डवर त्याला सेकंदाला साधारण ८ जीबीचा रस्ता मिळतो, ३.० वर ४ जीबी आणि २.० वर फक्त २. कार्डातली मेमरी भरली की सगळा माल या रस्त्याने रॅममधून ओढावा लागतो आणि गेम अडकत अडकत चालतो. म्हणजे कार्ड नवं, पण जुन्या बोर्डवर त्याचा जीव गुदमरतो. इंटेलच्या आर्क कार्डांचंही तसंच, त्यांना रिसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, लागतं, इंटेल स्वतःच दहाव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर घ्या म्हणतं, त्यामुळे जुन्या पीसीसाठी मी ती सुचवत नाही.

आता खरा मुद्दा, पॉवर सप्लाय. कॅबिनेटची बाजू उघडा आणि सप्लायवरचं लेबल वाचा. त्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं, ते सोडा, खाली छोटा तक्ता असतो त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर आहे ते बघा. समजा १८ अँपिअर लिहिलंय, तर १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॅट. झालं! बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर मोजलेले आहेत, त्यांचा कार्डाला काही उपयोग नाही, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात. २०११ चा आय५ २५०० असेल तर तो एकटा ९५ वॅटचा, मग उरले १२१, त्यातच फॅन आणि हार्ड डिस्कही आल्या. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनच्या वायरीतून आणखी ७५, आठ पिनच्या वायरीतून १५०. अशा सप्लायवर वेगळी वायर न लागणारं कार्डच घ्या, जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५० ची साधी मॉडेलं ७५ वॅटमध्ये भागवतात, पण १६५० ची काही मॉडेलं सहा पिन मागतात म्हणून फोटोत कार्डाच्या वरच्या कडेला पिनांचं सॉकेट आहे का ते नीट बघून घ्या.

सहा पिनची वायर नाही म्हणून साटाचा, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या प्लगला जोडायचा, ॲडॉप्टर लावू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॅट, आणि सहा पिनवाला मागणार ७५. मी एकदा तो लावला होता. वीसेक मिनिटं सगळं छान चाललं, मग जळक्या प्लास्टिकचा वास आला, मशीन बंद करून बघतो तर प्लग एका कोपऱ्याला तपकिरी पडून ॲडॉप्टरला चिकटलेला, ओढूनही सुटेना. कार्ड वाचलं, सप्लाय फेकावा लागला. तसंच प्रोसेसरची आठ पिनची वायर कार्डाच्या आठ पिनसारखीच दिसते पण तिच्यातले १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट्या बाजूंना असतात, ती जोर लावून घुसवायची नाही.

जागेचं थोडक्यात. मागच्या पत्र्यापासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत पट्टीने मोजा, कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, आणि पॉवरची वायर कडेला लागत असेल तर ती वळायला दोन-तीन सेंटीमीटर सोडा. ऑफिसातले बारीक कॅबिनेट असतील तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, कार्डच लागतं, सोबत ते मागच्या पत्र्याला स्क्रूने बसवायची छोटी धातूची पट्टी आहे का तेही विचारा.

मॉनिटर जुना व्हीजीएवाला, म्हणजे ॲनालॉग सिग्नलवर चालणारा, असेल तर जीटीएक्स १० सिरीजपासून पुढे कार्डातून ॲनालॉग सिग्नलच निघत नाही, त्यामुळे कार्डाच्या डीव्हीआय पोर्टला लावायचा तो साधा कन्व्हर्टर चालणार नाही, डिजिटलचं ॲनालॉग करणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल.

आणि सगळं जुळूनही स्क्रीन काळी राहिली तर लगेच कार्ड परत करायला धावू नका. बोर्ड यूईएफआयच्या, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या आताच्या सॉफ्टवेअरच्या, आधीच्या काळातला असेल तर काही नवी कार्डं सुरुवातीला चित्रच दाखवत नाहीत, बोर्डासाठी नवीन बायोस, म्हणजे त्याचं हेच सुरुवातीचं सॉफ्टवेअर, निघालंय का ते बघा. त्याच्याही आधी पीसीच्या मागे वाकून मॉनिटरची केबल बघा, ती अजून मदरबोर्डच्याच पोर्टला लावलेली असण्याची शक्यता खूप असते.